शेवटच्या अंतऱ्यातली यमुना

माझ्या धंद्यात माणूस दोन गोष्टींना भितो. रेकॉर्डिंग रंगात आलेलं असताना लाइट जाण्याला, आणि सकाळी दुकान उघडताना ईमेल येण्याला. लाइट परत येते. ईमेलमध्ये एकदा 'कॉपीराइट' हा शब्द दिसला की मात्र पुढचे कित्येक दिवस चहा कडू लागतो.

मी देऊळगाव राजाला बसस्टँडच्या मागे, वरच्या मजल्यावर एक लहानसा स्टुडिओ चालवतो. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत, दाराला जुनी गादी. आत गाणी रेकॉर्ड होतात, लग्नाचे व्हिडिओ तयार होतात, आणि ज्यांना मोबाइलवर स्वतःचा चॅनेल हवा असतो त्यांचे चॅनेलही मी सांभाळतो. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तीही अर्धीच. गाव चंदगडकडचं, इथून पार दुसऱ्या टोकाला. बालाजीच्या यात्रेत एका ऑर्केस्ट्राबरोबर स्पीकर उचलायला आलो. ऑर्केस्ट्रा इथंच मोडला, मालक कुणाला न सांगता निघून गेला, आणि मी पेट्यांजवळ बसून राहिलो. लतीफभाईंचं तेव्हा कॅसेटचं दुकान होतं. ते म्हणाले, "रडतो काऊन बे? हात चालतात ना? मग उद्यापासून ये." त्या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे. लतीफभाई गेले, पण वायरला गाठ मारताना अजून मला त्यांचा हात दिसतो.

इतकी वर्षं झाली तरी परगावच्या माणसाची भीती जात नाही. इथं माझा भाऊबंद नाही, वतन नाही. काही झालं तर माझ्यासाठी कोण उभं राहणार, हा प्रश्न मनात कायम असतो. म्हणून मी कायद्याला जरा जास्तच भितो, आणि भितो म्हणूनच थोडा शिकलोही.

लोकांना वाटतं, गाणं हवेत असतं, ज्याला ऐकू आलं त्याचं. सुलतानपूरचे एक पाटील असेच तणतणत जिना चढून आले होते. मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ मी करून दिला, नव्या नवरदेवानं तो आपल्या हातानं चॅनेलवर टाकला, आणि वरातीतलं नाचाचं गाणं नेमकं मुकं झालं. पाहुणे नाचताहेत आणि आवाज नाही. बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यांच्या अंगात आलंय.

"मांडवात वाजलं तवा कोणी अडवलं नाही," पाटील म्हणाले. "बँडवाल्यानं रस्त्यानं वाजवलं, पोलीस उभे होते. मग मोबाइलातच काय झालं?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "पाटील, लग्नात, वरातीत गाणं वाजवायला कायद्यानंच सूट दिलीय. तिथं परवानगी लागत नाही. पण तेच गाणं व्हिडिओत घालून जगापुढं ठेवलं की ती सूट संपली. गाण्याच्या मालकाला विचारावं लागतं."

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "म्हणजे शेजाऱ्याचा बैल लग्नात मिरवला तर चालतंय, बाजारात नेऊन बांधला की चोरी."

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो. वकिलांनाही सांगितलंय, त्यांनाही पटलं.

दुसरे एक गिऱ्हाईक म्हणजे एका पुढाऱ्याचे उजवे हात. भाऊंच्या वाढदिवसाला गाणं हवं होतं. चाल एका गाजलेल्या सिनेमागीताची, शब्द फक्त भाऊंच्या कौतुकाचे. मी म्हटलं, चालीलाही मालक असतो. ते हसले. "भाऊंचं गाणं कोण अडवते? त्याले सांग, पुढे भाऊ हायेत." मी गरीब माणूस, वाद घातला नाही, पण करूनही दिलं नाही. त्यांनी ते दुसरीकडे करून घेतलं. वाढदिवसाच्या सकाळी गाणं चॅनेलवरून उडालं आणि दुपारी हेच गृहस्थ माझ्या जिन्यात. मी पेटीवर साधी भजनी चाल बसवून दिली. ती इतकी चालली की आता विरोधी पक्षाचे लोकही ती गुणगुणतात आणि मग जीभ चावतात.

पण ज्या एका कामाचा मला अभिमान आहे ते वेगळंच आहे. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

अमडापूरजवळच्या एका खेड्यात चंद्रकलाबाई राहतात. बौद्ध समाजाच्या, शेतमजुरी करणाऱ्या. जयंतीची गाणी रचतात आणि गातात. लिहिणं येत नाही. निंदताना ओळी जुळतात, रात्रीपर्यंत तोंडपाठ होतात. त्यांचा पुतण्या त्यांना माझ्याकडे घेऊन आला तेव्हा माइकसमोर त्या इतक्या जोरात गायल्या की आवाज मोजणारा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. मी म्हटलं, "मावशी, जरा हळू." त्या म्हणाल्या, "हळू गायलं तं मांगच्या बाईले कसं ऐकू येईन?" मी माइकच मागे सरकवला. तो आवाज ऐकून मी त्यांची गाणी हौसेनं रेकॉर्ड करत गेलो, त्यांच्या नावानं चॅनेल काढला आणि तो सांभाळत राहिलो. गावोगावच्या विहारांतल्या पोरी त्यावरून गाणी शिकू लागल्या.

मग दोन गोष्टी झाल्या. माझी जुनी हार्डडिस्क बसली, तिच्यातली मूळ रेकॉर्डिंग गेली. आणि मावशींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. त्या गातात अजून, पण वरचा सूर लागत नाही. म्हणजे त्यांचा तो पहिला, काटा लाल करणारा आवाज आता फक्त चॅनेलवर उरला होता. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी घालमेल त्यासाठी आहे.

जयंती होऊन गेल्यावर एका सकाळी ईमेल आला. मावशींच्या एका गाण्यावर स्ट्राइक. दुसऱ्या दिवशी आणखी एका गाण्यावर.

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. नुसता 'क्लेम' आला तर गाणं राहतं, फक्त त्याच्या जाहिरातीचं उत्पन्न दुसऱ्याकडे जातं. 'स्ट्राइक' म्हणजे कुणीतरी रीतसर तक्रार केलीय की तुम्ही आमचा माल चोरलाय. गाणं लगेच खाली उतरतं. ठरावीक मुदतीत तीन स्ट्राइक झाले की अख्खा चॅनेल बंद, त्यातल्या सगळ्या गाण्यांसकट. आम्ही दोनवर उभे होतो.

तक्रार करणारी एका मोठ्या शहरातली गाण्यांची कंपनी होती. शोधलं तर त्यांनी मावशींची तीन गाणी एका तरुण गायिकेकडून गाऊन घेतलेली. खाली डीजेचा दणका, पण शब्द तेच, चाल तीच. आणि वर त्यांचंच म्हणणं की चंद्रकलाबाईंनी आमचं चोरलं. तिसऱ्या गाण्याची तक्रार केव्हा येईल याचा भरवसा नव्हता.

मी कोर्टाजवळ बसणाऱ्या वकीलताईंकडे गेलो. त्यांच्या मुलाच्या बारशाचा व्हिडिओ मी केला होता, तेवढीच ओळख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी घाम पुसा. गाणं रचलं आणि रेकॉर्ड झालं त्याच क्षणी कॉपीराइट झाला. सरकारदरबारी नोंद नसली तरी. आणि एका गाण्याचे मालक एकाहून जास्त असतात. शब्द रचणाऱ्याचे, चाल लावणाऱ्याची, आणि रेकॉर्डिंग ज्यानं पुढाकार घेऊन केलं त्याचं. तुमच्या बाबतीत शब्द आणि चाल बाईंची, रेकॉर्डिंग तुमचं."

"माझं?" मी म्हटलं. माझ्या नावावर या जिल्ह्यात एवढीच मालमत्ता निघेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यांनी कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं ते त्यांनी दोनदा वाचलं. कंपनीकडे करारनामा होता. गाणी 'यमुनाबाई' या दिवंगत कवयित्रीची, तिचा मुलगा मिलिंद याच्याकडून रीतसर हक्क घेतलेले. पुरावा? मूळ गाण्याचा शेवटचा अंतरा.

आमच्याकडच्या या गाण्यांमध्ये एक रीत आहे. शेवटच्या अंतऱ्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ऐकणाऱ्याला कळतं की गाणं कुणाचं. मावशींच्या एका गाण्याचा शेवट असा:

लिहिणं-वाचणं नाही आलं, गळाच माझा ठेवा,
यमुना म्हणे पोरीबाळींनो, विझू देऊ नका दिवा.

प्रत्येक गाण्यात यमुनाच म्हणते. चंद्रकला कुठंच म्हणत नाही. मी वर्षानुवर्षं ते ऐकत होतो, मला वाटायचं ते मावशींचं माहेरचं नाव असेल. कधी विचारलं नाही.

मी एसटीनं चिखली आणि तिथून मावशींचं गाव गाठलं. मावशी दाणे पाखडत बसल्या होत्या.

"मावशी, ही यमुना कोण?"

"यमुनाबाई? माही गुरू व्हय." त्यांनी सूप खाली ठेवलं. "लग्न होऊन आली तवा मले तोंड उघडाची लाज. थ्या बाईनं मले बांधावर बसवून गायाले शिकवलं. गुरूचं नाव टाकावं लागते ना भाऊ. चेल्यानं आपलंच नाव टाकलं तं लोक काय म्हन्तीन, लय मोठी झाली."

"पण गाणी कुणी रचली?"

"रचली म्या. पन गळा तिनं देल्ला."

मिलिंदचं घर तीन दारं सोडून होतं. मावशी त्याच्याशी भांडायला तयार नव्हत्या. त्याच्यावर तक्रार करू म्हटलं तर त्या माझ्यावरच चिडल्या. "माह्या हातचं खाल्लेलं पोरगं हाये थे. पोलिसात देऊ काय त्याले? चॅनल गेलं तं जाऊ दे."

पण चॅनेल जाऊ दे म्हणताना त्यांनी गळ्यावर हात ठेवला. ते मी पाहिलं आणि त्यांना उठवलंच. म्हटलं, भांडू नका, नुसतं बसा.

मिलिंद ओट्यावरच होता. चाळिशीचा, ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्यानं खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. सुजाता तिचं नाव. मी विषय काढताच तो ताठ झाला.

"हे पाहा साहेब, गाण्यात नाव माह्या मायचं हाये का नाही?"

"आहे."

"मग? बनवाबनवी म्या केली का काकूनं? काकू, खरं सांगा, मायचं नाव हाये का नाही?"

"हाव बाप्पा," मावशी म्हणाल्या, "म्याच टाकलं."

"म्हंजे?"

"तुही माय गेल्यावर बी टाकत राह्यली."

मिलिंदला ते खरं वाटेना. तो म्हणाला, कंपनीचा माणूस आला, म्हणाला, तुझ्या आईचं नाव महाराष्ट्रभर होईल. "मले पैशाचं काई नाही साहेब. माय जलमभर दुसऱ्याच्या वावरात राबली. एक फोटो नाही तिचा. म्हटलं, नाव तं ऐकू येईन लोकाईले."

मी त्याला विचारलं, कंपनीचं गाणं ऐकलं का? तो म्हणाला, मोबाइल साधा आहे, ऐकलं नाही. मी माझ्या मोबाइलवर लावलं. नेमकं ते मूर्तीचं गाणं. त्या गावच्या विहारात बुद्धमूर्ती आली त्यावर रचलेलं.

ट्रॅक्टरावरती मूर्ती आली, रस्ता झाला निळा,
बायामाणसं पुढं चालली, फुलांचा झाला मळा.

डीजेच्या दणक्यात ओट्यावरची भांडी थरथरली. मिलिंद मान डोलवत होता. एक अंतरा झाला, दुसरा झाला. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "आता येते मायचं नाव." मग नुसता ढोल वाजला, आणि गाणं संपलं.

"पुढचं?"

"एवढंच आहे," मी म्हटलं.

"मायचं नाव?"

"शेवटचा अंतरा त्यांनी कापला. डीजेवर नाचायला लांब होतं म्हणे." वकीलताईंच्या पत्राला आलेल्या उत्तरात तसं लिहिलंच होतं, की आमचं गाणं आटोपशीर आहे.

मिलिंदनं पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. नाव आलं नाही. चहा घेऊन आलेली सुजाता दारातच थांबून ऐकत होती. तीच हळूच म्हणाली, "अहो, हे मूर्तीचं गाणं हाये ना? थो ट्रॅक्टर तं तुमीच चालवला व्हता."

"हाव. मग?"

"मग सासूबाई कुठी व्हत्या तवा? मूर्ती आली तवा त्याईले जाऊन दोन पावसाळे झाले व्हते."

मिलिंद मावशींकडे बघत राहिला. ज्या गाण्यात त्याचा ट्रॅक्टर होता ते गाणं त्यानं आईचं म्हणून दिलं होतं, कारण शेवटी तिचं नाव होतं, आणि त्या पलीकडे ऐकायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती.

"काकू," तो म्हणाला, "तुमी आपलं नाव काऊन नाही टाकलं?"

"कायले टाकू? मी तं जित्ती हाये."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर देऊळगावला आला. वकीलताईंसमोर त्यानं प्रतिज्ञापत्र केलं की गाणी चंद्रकलाबाईंची, आईचं नाव गुरू म्हणून आलेलं, आपली समजूत चुकली. ताईंनी त्याला बजावून सांगितलं की कंपनी यावरून तुलाही प्रश्न विचारू शकते. तो म्हणाला, "इचारू द्या. नाव कापलं त्याईनं. म्या बी इचारीन."

आता माझी पाळी होती. स्ट्राइक उठवायचा तर उलट नोटीस द्यावी लागते. त्यात लिहायचं असतं की तक्रार चुकीची आहे, हे मी शपथेवर सांगतो, आणि तुम्ही दावा केला तर कोर्टात यायला तयार आहे. नाव, पत्ता, फोन, सगळं खरं. आणि ते सगळं समोरच्या कंपनीला जातं. मग त्यांना ठरावीक दिवस मिळतात. तेवढ्यात ते कोर्टात गेले नाहीत तर गाणं परत वर येतं.

मावशींच्या नावानं त्यांची नोटीस, आणि रेकॉर्डिंगचा मालक म्हणून माझी. मी खुर्चीत बसून त्या रकान्याकडे बघत होतो. कंपनीकडे वकिलांची फौज. माझ्याकडे आठवी, तीही अर्धी. घरी बायको म्हणाली, "पत्ता देऊन टाकाल, उद्या ते आले तर?" मी वकीलताईंना हेच विचारलं.

त्या म्हणाल्या, "येऊ द्या. तुम्ही इथले नाही असं तुम्हालाच वाटतं हो. पत्ता लिहा, देऊळगाव राजा, जिल्हा बुलढाणा. तो तुमचाच आहे."

मी लिहिला. एक-एक अक्षर बघून लिहिला. आजवर ज्या ज्या कागदावर मी सही केली त्या सगळ्यांत 'मूळ गाव' हा रकाना मला आधी दिसायचा. या कागदात तो नव्हता.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जिन्यात पाऊल वाजलं की वाटायचं, आली नोटीस. एकदा पोस्टमन आला तर मी आतच गेलो. लाइटबिल होतं. मावशींचा पुतण्या रोज फोन करायचा, "भाऊ, काई आलं का?" मिलिंदही करायचा. तिसरी तक्रार मात्र आली नाही. मुदत संपली तरी कंपनी कोर्टात गेली नाही. एका सकाळी ईमेल आला, आणि मी तो दाराशी उभ्या उभ्याच वाचला. दोन्ही स्ट्राइक उठले. दोन्ही गाणी जिथल्या तिथं.

मी लावलं. काटा लाल करणारा तो आवाज अंड्यांच्या ट्रेवर आपटला, आणि शेवटच्या अंतऱ्यात यमुना म्हणाली ते मी खुर्चीला धरून ऐकलं.

फोनवर सांगता आलं असतं, पण मी दुकान बंद करून निघालो. एसटीनं चिखली, तिथून पुढं. मावशी सोयाबीनच्या निंदणीला गेलेल्या. मी वावरात पोचलो तेव्हा बायकांची ओळ बांधाकडे सरकत येत होती. चिखलात बूट रुतले. मावशींनी विळा खाली टाकला आणि पदरानं तोंड पुसलं.

"काय झालं भाऊ?"

"मावशी, झालं. गाणं तुमचं ठरलं. कायद्यानं."

"यमुनाचं नाव कापलं तं नाही ना?"

"नाही. सगळं पूर्ण आहे."

त्यांनी मान हलवली. मागच्या ओळीतल्या एका म्हातारीला नीट ऐकू आलं नव्हतं. ती ओरडली, "काय म्हन्ते वं थो माणूस?"

मावशींनी वळून सांगितलं. गळ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी अख्ख्या वावराला ऐकू गेलं. "म्हन्ते, गाणं माहं हाये."

म्हातारीनं कमरेवर हात ठेवून माझ्याकडे खालीवर पाहिलं.

"येवढं सांगाले देऊळगाववरून आला का बाप्पा?"

सगळी ओळ हसली. मीही हसलो. म्हटलं, हो आजी, एवढंच सांगायला आलो.